बशीवालीची निश्चिती

लोकांच्या घरी रद्दी साठते. माझ्या घरी रद्दीत किस्से साठतात! पलंगाखाली हात घाला, कुठलाही जुना पेपर ओढा आणि उघडा. आत एक वाळलेलं रानफूल निघेल, आणि त्या फुलाला चिकटून कुणाची तरी फजिती. सून म्हणते, "आई, निम्मे तरी देऊन टाका ना." मी म्हणते, "फुलं नेलीस तर ने. फजित्या मिळणार नाहीत."

आमचं एक रविवारचं रानफूल मंडळ आहे. नाव मोठं, माणसं चार. सबनीस सर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, चंदनसारला चौथ्या मजल्यावर राहतात. नेहा त्यांच्याच बिल्डिंगमधली, आठवडाभर मुंबईला ऑफिस आणि रविवारी आमच्याबरोबर कॅमेरा. फिलोमिना पापडीची, माझी शेजारीण, शाळेतली निवृत्त बाई. आणि मी हिराबाई. पापडीची, सातवी पास, वय चौऱ्याहत्तर, आणि मंडळातली सगळ्यात हुशार. हे मीच सांगते. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघायची तर या वयात परवडत नाही!

*

पहिल्याच रविवारी सरांनी मला परत पाठवायचा बेत केला होता.

डोंगराच्या पायथ्याशी माझं लुगडं आणि हातातली पिशवी बघून म्हणाले, "आजी, ही पिकनिक नाही. शास्त्रीय फेरी आहे."

म्हटलं, "बरं झालं. पिकनिकचा मला कंटाळाच आहे."

थोडं वर गेल्यावर सरांनी वीतभर उंचीचं एक रोप दाखवलं. फिक्या रंगाचं इवलंसं फूल, चार पाकळ्या. म्हणाले, "हे जेन्शियन कुळ. यातल्या बहिणी अशा, की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. फरक खोडात असतो, पण तो भिंगाशिवाय दिसत नाही." आणि भिंग शोधायला त्यांनी पाठीवरची सॅक काढली. एक कप्पा, दुसरा कप्पा, पाण्याची बाटली, छत्री, गोळ्यांची डबी. भिंग काही सापडेना.

तोवर मी वाकून ते खोड अंगठा आणि बोटाच्या मधे धरून हळूच फिरवलं. डोळे मिटून. म्हटलं, "चार धारा आहेत. आणि प्रत्येक धारेला पातळ पट्टी आहे, पतंगाच्या कागदासारखी."

भिंग सापडलं. सर गुडघ्यावर बसले, बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं. मग विचारलं, "आजी, शिक्षण कुठवर?"

"सातवी. पण ती डोळ्यांची. बोटांचं शिक्षण पन्नास वर्षं चाललं."

खरंच सांगते. वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या त्या उजाडायच्या आत. आज उमलणारी कोणती आणि उद्याची कोणती हे बोटानंच सांगायचं. डोळे तेव्हा अर्धे झोपेतच असतात. पुढे वाडी मुलाकडे गेली, बोटं रिकामी झाली. एके दिवशी रद्दीवाल्याकडे इंग्रजी वनस्पतींचं एक फाटकं जाड पुस्तक दिसलं. इंग्रजी अक्षरं मी औषधांच्या पाकिटांवरून शिकले होते, बाकीचं फिलोमिनानं वाचून दाखवलं. तीन पावसाळे लागले. पण पुस्तक संपलं आणि मी सुरू झाले!

तर त्या बहिणींचं एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा घोळ होणार नाही. त्या तिघी. थोरली किलवर. खोडाला चार साध्या धारा, वरची पानं सुटी सुटी, समोरासमोर. मधली पंखवाली. खोडाच्या धारांना पट्ट्या. आणि धाकटी, तिचं शास्त्रीय नाव खंडाळ्यावरून पडलंय, मी तिला बशीवाली म्हणते. तिची वरची दोन पानं एकमेकींना अशी जुळलेली असतात की एकच गोल बशी वाटते आणि त्या बशीच्या मधोमध खोड आरपार जातं. तिघींची फुलं मात्र लांबून सारखीच. वेडं करणारी!

*

या फुलांत पुंकेसर चार असतात. त्यातला एकच लांब, पुढे आलेला, काम करणारा. बाकीचे तीन आखूड, आत बसलेले.

हे सरांनी भिंगातून दाखवलं तेव्हा फिलोमिना एकदम म्हणाली, "हिरा, हे तर तुझ्या चुलतसासऱ्यांचं घर! एक राबतो, तिघं बसून खातात."

तेव्हापासून मंडळात त्या मोठ्या पुंकेसराला आम्ही "कमावता" म्हणतो. सरसुद्धा म्हणतात. एकदा कॉलेजच्या पोरांपुढे बोलताना त्यांच्या तोंडून भस्सकन निघालं, "आता या कमावत्याकडे बघा." पोरांनी वहीत तसंच लिहून घेतलं!

*

सरांचा एक नियम आहे. तो नीट ऐका.

वाळवलेलं फूल कागदावर चिकटवलं की कोपऱ्यात एक चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर दोन ओळी. संग्राहक, म्हणजे कुणी आणलं. निश्चिती, म्हणजे ते कोणतं फूल हे कुणी ठरवलं. सर म्हणतात, "ज्याचं काम त्याचं नाव. शास्त्रात दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव नाही आणि आपल्या कामावर दुसऱ्याचं नाही."

नियम सोन्यासारखा. पण तीन वर्षांत चाळीस नमुने झाले, आणि चाळीसही चिठ्ठ्यांवर निश्चिती एकच: सबनीस. मी रानात नाव सांगायचं, सरांनी घरी जाऊन भिंगातून बघायचं, पुस्तकं उघडायची, आणि मी सांगितलेलंच नाव लिहून खाली आपली सही करायची!

मी एकदा विचारलं, "सर, माझं नाव त्या दुसऱ्या ओळीत कधी?"

"हिराबाई, निश्चिती म्हणजे जबाबदारी. उद्या कुणी प्रश्न विचारला तर पुराव्यानं उत्तर देता आलं पाहिजे."

"येईल की."

"मग ज्या दिवशी तुम्ही मला पुराव्यानं खोटं पाडाल, त्या दिवशी."

म्हटलं ठीक आहे. मोगऱ्याची कळी खुडायला थांबावं लागतं. आम्हाला थांबता येतं.

*

नेहाच्या फोनमध्ये फुलं ओळखणारं ॲप आहे. एके दिवशी ते घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, आता तुमचं काही खरं नाही हां. हे एका सेकंदात सांगतं."

मी किलवरची काडी अंगठ्यानं धरली. तिनं फोटो काढला. ॲपनं एक नाव सांगितलं. जरा वळून पुन्हा काढला, दुसरं नाव. तिसऱ्यांदा ती अगदी जवळ गेली, फोन जरा वेळ फिरत बसला आणि मग उत्तर आलं: आलं!

"आलं? म्हणजे काय आलं?"

"मावशी, आलं म्हणजे… चहातलं." नेहा हसून हसून खाली बसली. "त्यानं फूल नाही बघितलं, तुमचा अंगठा बघितला!"

मी अंगठा नीट उलटसुलट करून पाहिला. म्हटलं, "मग बरोबरच आहे की. पन्नास वर्षं मातीत होता. तुझ्या फोनला आज पहिल्यांदा काहीतरी नीट ओळखता आलं!"

*

हा किस्सा पास्कलचा. पास्कल म्हणजे फिलोमिनाचा नवरा. साधा, भला, आणि फ्रीज उघडल्यावर समोर दिसेल ते खाणारा.

एका रविवारी आम्हाला परतायला उशीर झाला. नमुने ताजे राहावेत म्हणून फिलोमिनानं चार ठिकाणच्या किलवरच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी ती चर्चला गेली. परत येऊन बघते तर डबा घासून पालथा घातलेला!

"पास्कल, डब्यातलं कुठं गेलं?"

"रानभाजी ना? आमलेटात टाकली. तुझा हात लागला म्हणून खाल्ली बाई, नाहीतर कारल्याला लाजवील अशी कडू!"

फिलोमिना घाबरली. मला फोन, सरांना फोन. सर धावतपळत आले. पास्कलची नाडी बघितली, जीभ बघितली. पास्कल आपला पाव खात बसलेला. तासभर झाला, काही नाही. उलट त्याला कडकडून भूक लागली. सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाले, "हे अख्खं कुळच कडू. चव घेऊन खात्री करा असं पुस्तकात आहे, पण मी आजवर कुणाला घेऊ दिली नाही. अनोळखी रोप तोंडात घालायचं नाही म्हणजे नाही."

मग त्यांनी वही काढली आणि त्या दिवसाच्या नोंदीत गंभीरपणे एक ओळ वाढवली. मी डोकावून वाचली.

"चव: कडू. (पास्कल)"

नियम म्हणजे नियम!

*

मी चुकले नाही असं नाही. एकदा चुकले. फिलोमिना हा किस्सा माझ्याआधी सांगते, म्हणून मीच सांगते.

सणाला तिच्याबरोबर पापडीच्या चर्चमध्ये गेले होते. मागच्या बाकावरून वेदीवरची फुलदाणी दिसली. निळी फुलं, चार पाकळ्या, मधे पिवळेधमक केसर. मी तिचा दंड धरला. "फिलू, एक्झॅकम! आपल्या किलवरची निळी चुलत बहीण! ही इथं कुणी तोडून आणली? एवढी तोडतात का मेले?"

ती शुक् शुक् करत राहिली, पण माझा पारा चढलेला. मिस्साची प्रार्थना संपल्याबरोबर मी तरातरा पुढे गेले, फादरना नमस्कार केला आणि रानफुलं तोडण्यावर पाच मिनिटं चांगलं सुनावलं. फादर शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, हात लावून बघा."

हात लावला. प्लास्टिक!

फिलोमिना घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होती. "काय गं हिरा, बोटांची शिकलेली तू, आणि डोळ्यांनी फसलीस!"

म्हटलं, "फसले असेन. पण कुळ बरोबर ओळखलं की नाही?"

*

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पाऊस ओसरला होता, नवरात्र तोंडावर. चांदीपला गेलो होतो. सर नव्हते, गुडघा सुजला म्हणून घरी. तिथं मंजुळाचं शेत आहे आणि शेतामागे उघडा कातळ. मंजुळा म्हणजे आमची तिथली वाटाडी. भात कापायची घाई असली तरी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

कातळाच्या खाचेत मला एक झुपका दिसला. दहा-बारा रोपं, गुलाबी फुलं. पहिल्यांदा वाटलं, किलवरच. पण नुकतीच पावसाची एक सर येऊन गेली होती आणि काय दिसलं सांगू? प्रत्येक रोपाच्या वरच्या पानांवर पाण्याचा एक एक थेंब उभा. हलत होता, पण सांडत नव्हता. शेजारीच खरी किलवर होती, तिच्या पानांवरून पाणी केव्हाच ओघळून गेलेलं.

मी खाली बसले. खोडाच्या बाजूनं बोट फिरवलं. गोल, गोल, गोल, कुठेही फट नाही. एकसंध बशी! आमच्या यादीत थोरली होती, मधली होती. धाकटी तालुक्यात कुणी पाहिल्याचं सरांनाही ठाऊक नव्हतं.

मंजुळा मागून म्हणाली, "काय गो बाय, काय झाला? ती व्हय! ती पानी धरते. आमी पोरी असताना तिच्यातला पानी जिभंवर घ्यायचो. कोन थेंब न सांडता घेतो त्याची पैज."

"नेहा, फोटो काढ! लवकर!"

नेहा पोटावर झोपली. वीस फोटो काढले. सगळे फुलाचे! फूल टवटवीत, कमावता पुंकेसर स्पष्ट, आणि मागे सगळं हिरवं धूसर. "मावशी, बॅकग्राउंड काय मस्त ब्लर झालंय बघा!" त्या ब्लरमध्ये माझी बशी बुडाली.

आमचा दुसरा नियम, एका जागेवरून एकच काडी. मी एकच काडी घेतली, पेपरात ठेवली आणि सरांकडे पाठवली. वर चिठ्ठी: "सर, बशीवाली. नमुना एक्केचाळीस. हिराबाई."

*

पुढे काय झालं ते आधी आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं, की त्या आठवड्यात सरांच्या घरी पेपरांना बुरशी धरायला लागली. चौथा मजला, पण हवा दमट, आणि गुडघ्यामुळे सरांच्यानं ओलसर पेपर बदलणं होईना. सरांनी युक्ती केली. फुलं ठेवलेले बत्तीस पेपर गठ्ठा करून खाली रामसजीवनकडे पाठवून दिले.

रामसजीवन म्हणजे त्यांच्या बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला. निरोप एवढाच: "हलक्या हातानं इस्त्री फिरवून दे. कोरडं झालं पाहिजे."

संध्याकाळी गठ्ठा परत आला. सरांनी उघडला आणि मटकन खुर्चीत बसले. रामसजीवननं बत्तीस पेपर शर्टासारखे घडी घालून, वर दोऱ्यानं बांधून दिले होते. प्रत्येकाची घडी एकसारखी, बरोबर मधोमध. आणि दोऱ्याखाली चिठ्ठी: "शर्ट ३२."

सरांनी सुस्कारा सोडून घड्या उलगडल्या. फुलं बरीचशी वाचली होती. कोरडी मात्र अशी कडकडीत, की तसं काम सरांच्या जन्मात झालं नव्हतं!

हा किस्सा त्यांनी हसत हसत आम्हाला सांगितला. आम्हीही हसलो. त्या बत्तिसात माझी बशी होती हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

*

थंडी संपता संपता मंडळाची पुस्तिका छापायची ठरली. तालुक्यातली रानफुलं, एका पानावर एक. पानाखाली चिठ्ठी जशीच्या तशी. छापखान्याला सोमवारी द्यायची, म्हणून शुक्रवारी सगळे सरांकडे जमलो.

एकेक पान बघत एक्केचाळीसवर आलो. वर नेहाचा फोटो. खाली: "किलवर. संग्राहक: हिराबाई. निश्चिती: सबनीस."

मी म्हटलं, "हे काय?"

"नमुना किलवरचा आहे, हिराबाई." सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "पानं बघा. दोन. सुटी. समोरासमोर."

बघितलं. खरंच! खोडाच्या डावीकडे एक पान, उजवीकडे एक पान. दोन्ही सपाट, गुळगुळीत, अगदी कडक इस्त्रीची.

"सर, ही जुळलेली होती. पाणी धरून होती. मी बोट फिरवलंय."

"मला तुमच्या बोटावर विश्वास आहे. पण शास्त्रात नमुना बोलतो, आठवण बोलत नाही. फोटोत पान दिसत नाही. कातळावर आता नुसतं वाळकं गवत. पुढच्या पावसाळ्यात बघू."

"पुढच्या पावसाळ्यात मी पंचाहत्तरीची होईन!"

"मग पंचाहत्तरीत बघू."

फिलोमिना मधे पडली, "सर, हिरा खोटं नाही बोलायची." सर म्हणाले, "खोटं नाही हो, चूक. माणूस चुकतो. चर्चमधलं ते प्लास्टिकचं फूल—"

बस्स! मी उठले. चपला पायात सारल्या आणि लिफ्टची वाटही न बघता चार मजले जिना उतरले. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं का बोलू. नावाचं तेवढं नव्हतं. माझ्या बोटांना कुणी खोटं पाडलं, ते लागलं.

*

खाली रामसजीवन टेबलावर कुणाचीशी साडी पसरून उभा. मला बघून म्हणाला, "मौसी, वो फूल वाले अखबार और नहीं आए? बढ़िया काम था।"

माझं डोकं आधीच तापलेलं. म्हटलं, "आता कशाला येतील?"

तो आपल्याच तंद्रीत. साडीवर पाणी शिंपडत म्हणाला, "बस एक ने परेशान किया। गोल पत्ता था, बीच में से डंडी निकली हुई। जितना दबाओ, फिर उठ जाए। मैं सिलवट छोड़ता नहीं, मौसी। फिर मैंने नाखून से दोनों तरफ चीर दिया, जैसे कॉलर खोलते हैं, और प्रेस मार दी। एकदम फ्लैट!"

मी त्याच्या इस्त्रीचा प्लग खेचला, मनगट धरलं आणि त्याला लिफ्टमध्ये घातलं.

"अरे मौसी, साड़ी—"

"साडी कुठं पळत नाही. तू वर चल!"

दार उघडंच होतं. मी रामसजीवनला सरांच्या पुढ्यात उभं केलं. म्हटलं, "सांग, आत्ता सांगितलंस ते." त्यानं सांगितलं. नखानं कसं चिरलं तेही हवेत करून दाखवलं, जरा अभिमानानंच.

नेहानं तोंडावर हात ठेवला. फिलोमिनानं क्रूसाची खूण केली. सर मात्र हार मानणारे नव्हेत. म्हणाले, "ही साक्ष झाली, हिराबाई. पुरावा नव्हे."

"पुरावा पाहिजे? वहिनी, एक बशी द्या. आणि चहाचं आधण उकळतंय ना, त्यातलं थोडं गरम पाणी."

सबनीसवहिनींनी बशी आणली. मी नमुन्यावरची ती दोन पानं खोडासकट अलगद सोडवली आणि पाण्यावर ठेवली. सगळे वाकून बघायला लागले. दोन-चार मिनिटं काही नाही. मग पानं मऊ झाली, फुगली आणि हळूहळू पसरली. मी टाचणीनं एक पान दुसऱ्याकडे लोटलं. काठाला काठ असा बसला, की फुटलेल्या कपाचा तुकडा आपल्या जागी बसावा!

"आता भिंग लावा, सर. बाहेरचा काठ बघा. गुळगुळीत आहे ना, लुगड्याच्या किनारीसारखा? आणि आता आतला बघा, जिथं दोन्ही भेटतात तो. दशा निघाल्यात. शिरा तुटल्यात. पान जन्मतः सुटं असतं तर तिथंही किनार असती. ही किनार नाही, सर. हे फाडलंय!"

सरांना भिंग लगेच सापडलं. ते वाकले. बाहेरचा काठ बघितला, आतला बघितला, पुन्हा बाहेरचा. वहिनींचा चहा उतू गेला तरी कुणी हललं नाही.

मग सरांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी कागदावरून सोलून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि टेबलाच्या खणातून नवी कोरी चिठ्ठी घेऊन माझ्यापुढे ठेवली. वर आपलं शाईचं पेन.

"तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं. पहिली ओळ लिहिली. दुसरी ओळ लिहिली, जरा सावकाश, कारण तीन वर्षं तिची वाट बघितली होती. मग पेन बंद न करता सरांकडे बघितलं.

"सर, तुमचा नियम काय? ज्याचं काम—"

"—त्याचं नाव," सर म्हणाले. आणि मग त्यांची नजर दाराशी उभ्या माणसाकडे गेली. तो बिचारा, "मैं जाऊँ? साड़ी है नीचे," असं दुसऱ्यांदा विचारत होता.

पुस्तिका छापून आली. कुणाकडे असेल तर पान एक्केचाळीस उघडा. वर बशीवालीचं नाव, मधे नेहाचा तो ब्लरवाला फोटो, आणि खाली, माझ्या अक्षरात, जशीच्या तशी चिठ्ठी:

संग्राहक: हिराबाई, पापडी.

निश्चिती: हिराबाई, पापडी.

इस्त्री: रामसजीवन, चंदनसार.